समुद्र डाव्या हाताला ठेवा

प्रश्न: आम्ही पुण्यात, कोथरूडला राहतो. यंदा घरच्या सगळ्यांनी मिळून कोकणचा समुद्रकिनारा करायचं ठरतंय. आम्ही पाच जण: मी, यजमान, ७६ वर्षांच्या सासूबाई (दोन्ही गुडघे दुखरे), कॉलेजातली मुलगी आणि सहावीतला मुलगा, ज्याला घाटात हमखास गाडी लागते. यजमानांनी नुकतीच मोठी एसयूव्ही घेतली आहे. त्यांना नाताळच्या सुट्टीत अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत सागरी महामार्गानं पाच दिवसांत स्वतः गाडी चालवत जायचंय. धाकट्या दिरांचं म्हणणं, कशाला डोक्याला ताप, टूरवाल्यांबरोबर जा, बसमध्ये बसा, आयतं खा, आयतं बघा. सासूबाईंचाही कल टूरकडेच दिसतो. घरात रोज यावरून वाद. मी दोघांच्या मध्ये. काय करू? ता. क. मलाही गाडी येते, दहा वर्षं चालवते आहे, पण लांबच्या प्रवासाला यजमान चावी देत नाहीत.

कोथरूडच्या ताई,

टूर घेऊ नका. पण यजमानांचा अलिबाग ते वेंगुर्ला हा बेतही आजच रद्द करा. आणि ताजा कलमात जे लिहिलंय, तिथून सुरुवात करा, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या ओळीत आहे.

आधी टूरचं बोलू. दीर चुकीचं काही सांगत नाहीत. बॅगा उचलायला माणूस असतो, जेवणाची वेळ टळत नाही, खोली कशी निघेल याची धाकधूक नसते. एकट्यानं जाणाऱ्याला किंवा ज्या घरात गाडी चालवणारं कुणीच नाही त्यांना मी बिनदिक्कत टूर सुचवते. पण तुम्हाला बघायचाय तो समुद्रालगतचा रस्ता, आणि टूरची बस सहसा त्या रस्त्यानं जातच नाही. चाळीस माणसांचं वेळापत्रक खाडीवरच्या फेरीबोटीच्या भरवशावर ठेवणं कुठल्याही टूर मॅनेजरला परवडत नाही. म्हणून बस धरते मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्या रुंदीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं, तेव्हापासून त्याचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. हातखंब्याला वळून गणपतीपुळे, तिथून पावस, पुन्हा वर महामार्गावर, पुन्हा खाली मालवण. देवळं होतात, किल्ला होतो, पाण्यातले खेळ होतात. दोन गावांच्या मधला किनारा मात्र राहून जातो. गणपतीपुळे आणि रत्नागिरीच्या मधला आरे-वारेचा रस्ता एखादी टूर दाखवते. तेवढ्यावर समाधान असेल तर प्रश्नच नाही.

दुसरं कारण माझ्या दृष्टीनं जास्त मोठं आहे. कोकणच्या किनाऱ्यावर कुठली गोष्ट कधी बघायची हे भरती-ओहोटी ठरवते, आणि टूरचं वेळापत्रक ठरतं चहा-नाश्त्यावर. हेदवीची बामणघळ घ्या. काळ्या कातळातली अरुंद भेग आहे ती. भरतीला लाट त्या भेगेत घुसली की पाण्याचा स्तंभ उसळतो. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते आणि पोरं विचारतात, "आई, हेच का?" हरिहरेश्वराला बरोब्बर उलटं. देवळामागच्या कड्यात कोरलेल्या पायऱ्या उतरून खडकांवरून प्रदक्षिणा घालतात, ती फक्त ओहोटीला. भरती चढत असताना तिथं उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. लाटेनं माणसं ओढून नेल्याच्या घटना तिथं झाल्या आहेत. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासानं पुढे सरकते. सहा महिने आधी छापलेल्या टूरच्या पत्रकात ती बसणार कशी? स्वतःच्या गाडीनं जाणारा माणूस आदल्या रात्री हिशेब करून सकाळचा बेत बदलू शकतो.

हा हिशेब सासूबाईंकडे सोपवा. मी चेष्टा करत नाही. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणनं गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. त्यांच्या पिढीला पाऊणकी पाठ असते आणि तिथी तर त्या कॅलेंडर न बघता सांगतील. थोडं मागेपुढे होतं, म्हणून कड्यापाशी पोचल्यावर गावातल्या माणसाला विचारून मगच उतरा. सासूबाईंनी मात्र प्रदक्षिणेला उतरायचं नाही, ओहोटी कितीही असो. त्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांसाठी नाहीत.

आता यजमानांकडे वळते. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून गाजतोय. नकाशावर एक सलग रेघ दिसते. प्रत्यक्षात ती रेघ खाड्यांनी तोडलेली आहे. राजपुरीची खाडी, सावित्रीचं मुख म्हणजे बाणकोट, वाशिष्ठीचं दाभोळ, शास्त्रीचं जयगड. पुलांची कामं ऐकू येत असतात. निघायच्या आठवड्यात चौकशी करा, पण बेत मात्र फेरीबोटी धरूनच आखा. मधला रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे एकेरी, कुठे सुपारीच्या वाड्यांमधून दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांना आरसे घासत जाणारा. या किनाऱ्यावर थांबत-थांबत जाताना ताशी २५-३० किलोमीटर पडले तरी पुष्कळ. पाचशेच्या वर किलोमीटर पाच दिवसांत म्हणजे रोज चार-एक तास नुसते गाडीत; फेरीची रांग आणि पुण्याहून जाणं-येणं वेगळं. सासूबाईंचे गुडघे आणि लेकाचं पोट दुसऱ्या दिवशीच संप करतील.

आणि मनाप्रमाणे थांबता येतं हे जे यजमान सांगतात, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. स्टिअरिंगवर बसलेला नवरा सहसा थांबत नाही. "परतताना थांबू", "पुढे याहून छान आहे", "फेरी चुकेल" ही त्याची तीन वाक्यं. स्वतः चालवत असल्यामुळे समुद्र तर त्यालाही दिसत नाही. श्रीवर्धनजवळच्या शेखाडीच्या वळणांवर ज्याचं लक्ष समुद्राकडे गेलं, त्यानं गाडी बाजूला घेऊन उभी करावी.

म्हणून चावी वाटून घ्या. दोन-दोन तासांच्या पाळ्या. यजमान कां-कूं करतील. त्यांना सांगा की नवीन गाडी दोघांच्याही हातात बसलेली बरी, उद्या त्यांची पाठ धरली तर पाच माणसं केळशीत अडकतील. निघायच्या आधी एक-दोन रविवार सिंहगड किंवा पानशेतच्या रस्त्याला ती गाडी तुम्ही चालवा. बोनेट कुठे संपतं, डावं चाक कुठे पडतं, याचा अंदाज येईपर्यंत.

आता बेत. पाच रात्री धरून सांगते, आणि फक्त गुहागर ते दिवेआगर. अलिबाग-मुरुड तुम्ही शनिवार-रविवारीही करू शकता. गणपतीपुळ्याच्या खालचा पट्टा वेगळ्या सहलीला ठेवा.

बहुतेक पुणेकर ताम्हिणीतून उतरून दिवेआगरला जातात आणि तिथून दक्षिणेला निघतात. तुम्ही उलटे जा. उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. साधारण पावणेतीनशे किलोमीटर पडतील, पण पहिल्या दिवशी सगळे ताजे असतात. मग गुहागरहून उत्तरेला वर सरका. याचं कारण साधं आहे. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला येतो आणि आपल्याकडे गाडी डावीकडून चालते. म्हणजे तुमची गाडी समुद्राच्या बाजूला असते, समोरच्या गाड्यांची रांग मध्ये येत नाही, आणि थांबायचं असेल तर रस्ता न ओलांडता डावीकडे घेता येतं. सासूबाईंना पुढच्या डाव्या सीटवर बसवा: पाय पसरायला जागा आणि सगळा समुद्र त्यांच्या खिडकीत. शिवाय शेवटच्या दिवशी दिवेआगरहून पुणं दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरच राहतं. दमलेल्या माणसांना तेवढंच पुरे.

गुहागरला दोन रात्री. पहिल्या दिवशी पोचाल तेव्हा व्याडेश्वराचं दर्शन आणि किनाऱ्यावर एक फेरी एवढंच. दुसऱ्या दिवशी भरती बघून हेदवी आणि वेळणेश्वर.

तिसऱ्या दिवशी धोपाव्याला या आणि वाशिष्ठी ओलांडून दाभोळला उतरा. ही फेरीबोट, तिकडचे लोक जंगलजेटी म्हणतात, तुमच्या मुलाला अख्ख्या सहलीत सगळ्यात जास्त आवडणार आहे आणि यजमानांना सगळ्यात जास्त घाम फोडणार आहे. जेटी म्हणजे सरळ पाण्यात उतरणारा काँक्रीटचा उतार. ओहोटी असली की त्याचा खालचा ओला, शेवाळलेला भाग उघडा पडतो. बोट तोंडाची फळी त्यावर टेकवते, आधी दुचाक्या आणि माणसं, मग गाड्या. बोटीवरचा पोरगा हातवारे करतो: घ्या, घ्या, अजून घ्या, डावीकडे मारा, बास. कधी सरळ चढवायची असते, कधी रिव्हर्समध्ये. शेजारच्या गाडीत आणि तुमच्यात वीतभर अंतर उरतं. अशा वेळी त्या पोराचं ऐकायचं, मागच्या सीटवरून येणाऱ्या सूचनांचं नाही. चढण्याआधी सासूबाई आणि मुलं उतरून चालत बोटीवर जाऊ देत, कारण एकदा गाड्या लागल्या की दार उघडायला जागा मिळेलच असं नाही. गाडी बंद, पहिला गिअर, हँडब्रेक. ऑटोमॅटिक असेल तर पी आणि हँडब्रेक दोन्ही. दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. ही चुकली तर चिपळूणकडून भलामोठा वळसा आहे, म्हणून शेवटच्या फेरीची वेळ मुक्कामाच्या घरमालकांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा. इंटरनेटवरची वेळ जुनी असू शकते.

दाभोळहून बुरोंडी, लाडघर, कर्दे, मुरुड, हर्णै, आंजर्ले. पुढच्या दोन रात्री मुरुडला किंवा आंजर्ल्याला करा. इथं एक सूचना: मुरुड दोन आहेत. एक रायगडातलं, जंजिऱ्याचं; दुसरं दापोली तालुक्यातलं, महर्षी कर्व्यांचं. खोली आरक्षित करताना जिल्हा बघा. चुकीच्या मुरुडात पैसे भरून बसलेली मंडळी दरवर्षी भेटतात. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते, तेव्हा सासूबाईंचं दर्शन निवांत होईल. हर्णै बंदरावरचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव चुकवू नका. घरात मासे चालत नसतील तरी मुलांना दाखवा: वाळूवर पापलेट-सुरमईचे ढीग, भोवती कोंडाळं करून उभ्या कोळणी, आणि बाहेरच्याला कळायच्या आत संपलेला सौदा. मुलगी कॉमर्सची असेल तर दोन लेक्चरं वाचली म्हणा. कासवांची पिल्लं बघायचा हट्ट कुणी धरला तर सांगा की वेळासला ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान समुद्रात सोडतात.

पाचव्या दिवशी लवकर निघा. केळशी, बाणकोट, वेसवी. दुसरी जंगलजेटी तिथं, सावित्री ओलांडून बागमांडला. लगेच हरिहरेश्वर, मग श्रीवर्धन, आणि श्रीवर्धनहून शेखाडी-आरावीमार्गे दिवेआगर. हा शेवटचा तुकडा जेमतेम वीस किलोमीटरचा आहे, पण संपूर्ण सागरी रस्त्यात मला विचाराल तर याला तोड नाही. मैलभर समुद्र अगदी चाकाला लागून असतो. तो दुपारी चारनंतर करा आणि या पाळीला यजमानांना मागच्या सीटवर बसवा. वीस किलोमीटरला दीड तास लागू दे. रस्ता अरुंद आहे, वळणावर गाडी उभी करू नका, कडेला मोकळी जागा दिसेल तिथंच थांबा.

काही बारीकसारीक गोष्टी. एसयूव्ही मोठी आहे हे गावातल्या गल्ल्यांमध्ये आठवेल. समोरून एसटी आली की मान तिची. तुम्हीच रिव्हर्स घेऊन रुंद जागेपर्यंत मागे जायचं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. दिवस मावळल्यावर चालवू नका, रस्त्यावर दिवे नसतात आणि गुरं बसलेली असतात. पेट्रोलचे पंप तालुक्याच्या गावी. चिपळूण, दापोली, श्रीवर्धन दिसलं की टाकी भरा. आणि गाडी वाळूवर उतरवायची नाही, यजमानांनी त्या जाहिरातीत कितीही वेळा बघितलं असलं तरी. दर हंगामात गाड्या रुततात, भरती येते, ट्रॅक्टर बोलवावा लागतो, वर पोलिसांत गुन्हा. खारं पाणी खालच्या पत्र्याला लागलं की त्याचं बिल पुढची कित्येक वर्षं येत राहतं.

लेकाच्या पोटासाठी: त्याला मागच्या सीटवर मधोमध बसवा, जिथून पुढचा रस्ता दिसतो. मोबाइल बंद. कुंभार्ली घाटाच्या आधी वडापाव-मिसळ नको, चार बिस्किटं चालतील. खिशात आलेपाक. बसमध्ये मागच्या रांगेत बसला असता तर याहून जास्त त्रास झाला असता, हे दिरांना ऐकवायला हरकत नाही.

आता नाताळ. पंचवीस डिसेंबर ते एक जानेवारी या आठवड्यात मी शत्रूलाही किनाऱ्याला जा म्हणणार नाही. जेटीवर तासन्‌तास गाड्यांची रांग, खोल्यांचे भाव वाटेल ते, किनाऱ्यावर गाणी. त्याच तारखांना जायची सक्ती असेल तर घरीच थांबा. जानेवारीच्या मधल्या आठवड्यात सोमवारी निघा, शनिवारी परत या. सहावीतल्या मुलाची सहा दिवस शाळा बुडाली तर आकाश कोसळत नाही. मुलीच्या परीक्षेची तारीख तेवढी बघा.

कुणी चालकासह भाड्याची गाडी सुचवेल. तुमच्याकडे चालवणारे दोघं आहेत, त्यामुळे गरज नाही, आणि पाच माणसांत सहावा माणूस बसवायला जागाही नाही. पण काही कारणानं तीच वेळ आली तर पुण्याहून गाडी नेण्यापेक्षा चिपळूण किंवा दापोलीची घ्या. तिकडच्या चालकाला जेटीची वेळ आणि कुठल्या वळणावर एसटी येते हे तोंडपाठ असतं. नंबरप्लेट पिवळी बघून घ्या, आणि त्याच्या रात्रीच्या झोपण्याची सोय काय ते भाडं ठरवतानाच विचारा. गाडीत झोपलेला चालक दुसऱ्या दिवशी घाटात नको.

खर्चाचं सांगायचं तर पाच माणसांचे टूरचे पैसे आणि तुमचं इंधन, फेरी, दोन खोल्या यांची बेरीज करून बघा. पाच जणांत गाडीच स्वस्त पडते. दोघंच असता तर फारसा फरक पडला नसता. राहायला घरगुती सोय बघा, किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात आहे. २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या, तेव्हा कित्येक घरांना या पाहुण्यांच्याच पैशांनी हात दिला. फोन करताना तीन प्रश्न: खोली तळमजल्यावर आहे का, संडास कमोडचा आहे का, आणि गाडी आत वळते का. रात्रीचं जेवण दुपारीच सांगावं लागतं, आयत्या वेळी मोदक मिळत नाहीत.

राहिल्या सासूबाई. त्यांचा कल टूरकडे "दिसतो" असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे त्यांना सरळ कुणी विचारलेलं नाही. विचारा, आणि यजमान घरात नसताना विचारा. माझा अंदाज असा की टूर हवी यामागे दोन गोष्टी असतील. वाटेत संडासाला थांब म्हणायला मुलापुढे संकोच वाटतो. टूरमध्ये तो थांबा ठरलेला असतो. तेव्हा दर दीड तासाला, कुणी मागो न मागो, गाडी थांबेल असं आधीच जाहीर करून टाका आणि चिपळूण-दापोलीसारख्या ठिकाणी बऱ्या हॉटेलात चहा घ्या, कारण किनाऱ्यालगत मधे काही नाही. दुसरी गोष्ट म्हणजे टूरमध्ये बोलायला समवयस्क बायका मिळतात. त्याला तुमच्या गाडीत खरंच उपाय नाही. त्या तरीही टूरच म्हणाल्या, तर रुसून म्हणाल्या असं समजू नका. फेब्रुवारीत ज्येष्ठांच्या किंवा बायकांच्या एखाद्या गटाबरोबर त्यांना गणपतीपुळे-पावस करून आणू दे, पैसे तुम्ही भरा, आणि खोलीत जोडीला कोण आहे हे आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्या.